सुई ओवायला पोर द्या

ठकूमावशी, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कागदावरचं सगळं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. लाइटचं बिल, नातवाच्या शाळेची चिठ्ठी, पेपरातल्या बातम्या. तुम्ही दारातल्या ओट्यावर पाय पसरून गोधडी शिवत ऐकायचात आणि मधेच म्हणायचात, "मास्तर, ह्ये पुन्ना वाचा. ह्ये मना पटलं न्हाय." परवा तुमचं तेरावं झालं. आता हे जे लिहितोय ते कोणाला वाचून दाखवायचं, आणि पटलं नाही तर पुन्हा वाचायला कोण लावणार? तरी लिहितो. पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून बडबड केलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे!

तुम्ही माझ्याकडे उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितलीत आणि ती मी तुम्हाला दिली नाही. "निखिलला येकदा सांगा मास्तर, चुकलं म्हनून." निखिल माझा मुलगा. डोंबिवलीत राहतो, चांगल्या नोकरीत आहे, दर रविवारी फोन करतो, महिन्यातून एकदा बायकोमुलीला घेऊन घरी येतो. लोकांना वाटतं, मास्तरांनी पोरगं छान घडवलं. मलाही तसंच वाटायचं. ते तुम्हीच पहिल्यांदा पाहिलंत, की निखिल खाली कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी आपल्या पाच वर्षांच्या ईराला कडेवर उचलून नेतो. आजोबापाशी तिला एकटी ठेवत नाही. कधीच नाही. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा मी चिडलो होतो. "तुम्हाला भलतंच दिसतं," असं म्हणालो होतो. मग पुढच्या वेळी नीट पाहिलं. तुमचे डोळे कुठे चुकायला!

तुमच्या डोळ्यांचीच तर सगळी गोष्ट आहे.

आपल्या या कामतघर वस्तीत आवाजाची कमतरता नाही. सकाळपासून कापड विणायचे लूम खडखडत असतात, भिंती थरथरतात, माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. त्या खडखडाटात कोणाच्या घरात काय चाललंय ते कळायची सोय नाही. पण शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी कामतघर एकदम इतकं गप्प होतं की नवीन माणसाला कान बिघडल्यासारखं वाटावं. शिफ्ट नसल्यामुळे बाप घरी, थकवा घरी, आठवडाभराचा राग घरी. आणि मग चाळीच्या या टोकाला कोणी पोर रडलं तर त्या टोकाला ऐकू येतं.

तुम्ही सहा दिवस कारखान्यात कांड्या भरायचात. कांडी म्हणजे शटलमधली दोऱ्याची रीळ. दिवसभर त्या भरून तुमच्या बोटांना दोऱ्याच्या रेघा पडलेल्या असत. शुक्रवारी घरी बसून कारखान्यातल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवायचात. आणि कुठूनही पोराला मारल्याचा आवाज आला की सुई-दोरा हातात घेऊन उठायचात. त्या दारापुढे जाऊन उभ्या राहायचात. आत काय चाललंय ते विचारायचं नाही, कोणाला समजवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. एवढंच म्हणायचं, "जरा पोर द्या हो, सुई ववायचीय. मना दिसत न्हाय."

सुई ओवायला पोर द्यायला कोण नाही म्हणेल? म्हाताऱ्या बाईची सुई लहान पोरांनीच ओवायची असते, हे कुठल्याही घरात चालत आलेलं. मारणारा हात वर उचललेला तसाच राहायचा आणि मग खाली यायचा. पोर डोळे पुसत तुमच्या मागून चालायला लागायचं. तुमच्या ओट्यावर बसायचं, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करायचं, एका डोळ्यानं नेढ्यात बघायचं. पहिल्या फटक्यात दोरा जायचा. मग तुम्ही म्हणायचात, "आता दुसरी वव." तिसरी. चौथी. डब्यात सुया किती होत्या देव जाणे. घरातला राग निवेपर्यंत सुया संपत नसत.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, हे तुम्ही का सुरू केलंत. माझ्या मनात आपलं एक ठरलेलं उत्तर होतं. वाटलं होतं, तुमच्या लहानपणी काहीतरी घडलं असेल, नाहीतर पडघ्याच्या पुढच्या तुमच्या त्या गावात एखादं पोर हातचं गेलं असेल. तसं ऐकायची मी तयारी करून बसलो होतो. तुम्ही दोरा दातांनी तोडलात आणि म्हणालात, "ऐकाया आलं म्हनून."

मी म्हटलं, "ऐकू तर सगळ्यांनाच येतं."

"मंग सगल्यांनी जावा."

एवढंच. 

आता तो शुक्रवार. टाळून चालणार नाही.

निखिल नऊ वर्षांचा होता. चौथीची स्कॉलरशिप तोंडावर आली होती आणि पोराला अपूर्णांक येत नव्हते. मास्तरच्या पोराला अपूर्णांक येत नाहीत म्हणजे मास्तरची काय अब्रू राहिली? शाळेतून आल्यावर मी लाकडी पट्टी घेऊन बसलो होतो. चुकलं की पट्टी. ही माझी रीत होती, वर्गातही आणि घरातही. मला माझ्या बापानं तसंच शिकवलं होतं, आणि मी वाया गेलो नव्हतो, असा माझा ठाम समज होता. निखिलची आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा मोठा करायची, म्हणजे तिला ऐकू येत नसे.

दारावर थाप पडली. तुम्ही. "मास्तर, जरा पोर द्या, सुई ववायचीय."

मी म्हणालो, "तो अभ्यास करतोय. आणा, मी ओवून देतो."

तुमच्या हातातली सुई घेतली, उजेडाकडे धरली, दोरा ओवला, गाठसुद्धा मारून दिली आणि दार लावून घेतलं. मावशी, मला त्या वेळी खरंच वाटलं होतं की मी तुमचं काम करून दिलं. एवढा शिकलेला मी, आणि त्या सगळ्या चाळीत मीच एकटा असा निघालो, ज्याला वाटलं तुम्हाला सुई हवीय. दार लावल्यावर तुम्ही लगेच गेला नाहीत. फटीखालून तुमचे पाय दिसत होते. मी पट्टी पुन्हा उचलली.

यापुढचं आणखी लाजिरवाणं आहे. दोन-तीन महिन्यांनी आमच्या शाळेत डोळे तपासायचं फुकट शिबिर लागलं. म्हटलं, ठकूमावशी बिचाऱ्या दर शुक्रवारी दारोदार सुई घेऊन हिंडतात, त्यांना चष्मा मिळवून द्यावा. तुम्ही नको-नको म्हणत होता. "माजं काय न्हाय हो मास्तर, चाललंय." मी ऐकतोय कसला! तुमचं नाव लिहिलं, रांगेत पुढे उभं केलं. चाळीतली अर्धी माणसं त्याच रांगेत. डॉक्टरीण तरुण होती, मोठ्या आवाजात बोलणारी. तिनं तुम्हाला पाट्या दाखवल्या, भिंगं लावली-काढली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, तुमचे डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत! जवळचं पण स्वच्छ, लांबचं पण स्वच्छ. सुई तुम्ही चालत्या रिक्षात ओवाल."

 रांगेतली माणसं तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही पदर सावरलात, "बरं बाय" म्हणालात आणि माझ्याकडे न बघता निघून गेलात.

मी तिथे, माझ्याच वर्गात, फळ्याखाली उभा होतो. तेव्हा मला कळलं की त्या शुक्रवारी तुम्ही माझ्या दारात काय मागायला आला होता. आणि मी तुमच्या हातात काय टेकवलं होतं.

मी तर तुमचं हत्यारच मोडून टाकलं होतं. सगळ्या चाळीला कळलं की ठकूबाईला चांगलं दिसतं, बाई खोटं बोलते. आता कोण पोर देणार? पुढचा शुक्रवार आला आणि मी शाळेत रजा टाकून सकाळपासून गॅलरीत बसून राहिलो. आवाज आला तो चाळीच्या मालकाच्या घरातून. दामूशेठ. खाडीकाठच्या जुन्या घरातला माणूस, जमिनी विकून गोडाऊनवाला झालेला, गळ्यात चेन, दारात गाडी. त्याच्याच गाळ्यात तुम्ही भाड्यानं राहत होता. त्याची पोरगी सोनल किंचाळत होती. मला वाटलं, इथे तुम्ही जाणार नाही. कोणीही शहाणा माणूस गेला नसता.

तुम्ही गेलात. सुई-दोरा घेऊन, जराही घाई न करता. दामूशेठ दारात आला. मी वरून सगळं बघत होतो, ऐकत होतो.

"ठकू, तुजे डोले तर चांगले हायत ना? सगल्या चालीला म्हाईत हाय."

"हायत, शेठ. लय चांगले हायत," तुम्ही म्हणालात. "पोर द्या."

 दामूशेठनं तुमच्याकडे बघितलं, तुमच्या हातातल्या सुईकडे बघितलं, मग खाली मान घातली आणि आत वळून म्हणाला, "जा गो सोनल. ठकू बोलावते."

मावशी, मी देवळात फारसा जात नाही. पण त्या दिवशी गॅलरीत माझे हात आपोआप जोडले गेले. त्यानंतर सगळी चाळ ठाऊक असून फसत राहिली. कोणी म्हणजे कोणी तुम्हाला "तुम्हाला दिसतं की" असं म्हटलं नाही. उत्तरेकडून आलेले लूमवाले भाऊ म्हणायचे, "जा बेटा, मौसी को सुई में धागा डालना है." वाडा तालुक्याकडून आलेल्या बाया म्हणायच्या, "जा रं, ठकूआजी वाट बगते." मारणाऱ्यांना थांबायचं असायचं, पण थांबायला एक जागा लागायची, आणि ती जागा तुम्ही दारात आणून ठेवायचात. एवढ्या माणसांनी एका खोट्याचा असा मान ठेवलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

मीही थांबलो. घरातली पट्टी कपाटावर टाकली, वर्गातली छडी खिडकीतून मागच्या गटारात. पुढे शाळेत मारायला कायद्यानंच बंदी आली तेव्हा स्टाफरूममध्ये माझे सोबती कुरकुरत होते आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "मी तर कधीच सोडलं." पण का सोडलं ते कोणाला सांगितलं नाही. निखिलला तर नाहीच. त्याच्या लेखी एक दिवस पट्टी गायब झाली, इतकंच. ती परत कधी येईल याची वाट बघत तो मोठा झाला असेल, हे मला आत्ता-आत्ता सुचतंय.

तुम्हाला मी उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही. सुई सगळीकडे चालत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. दापोड्याच्या बाजूला एका खोलीत सावत्र बापानं पोरीला चटके दिले होते. तुम्हाला कारखान्यातल्या एका बाईनं सांगितलं तेव्हा तुम्ही सुई घेतली नाहीत. सरळ माझ्याकडे आलात. "मास्तर, फोन लावा. पोरांसाठी सरकारचा नंबर हाय ना, त्यो." मी म्हणालो, दुसऱ्याच्या घरची भानगड, पोलीस येतील, आपली नावं लागतील. तुम्ही माझा फोन उचलून माझ्याच हातात दिलात आणि मी नंबर लावेपर्यंत तिथून हलला नाहीत. त्या पोरीला घेऊन जायला त्या नंबरवरून बाई आल्या तेव्हा तुम्ही रस्त्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलात. पुढचे दोन दिवस गोधडीला हात लावला नाहीत.

मग ते परदेशी पाहुणे आले. मुलांसाठी काम करणारी बाहेरची एक संस्था आपल्याकडे बालवाड्या चालवायची, त्यांच्याबरोबर आले होते. कोणीतरी तुमच्याबद्दल सांगितलं असणार. एक उंच बाई तुमच्या ओट्यावर मांडी घालायचा प्रयत्न करत बसल्या, आणि दुभाषा म्हणून मी. इंग्रजी पेपर वाचतो म्हणून माझी निवड. त्यांनी विचारलं, तुमची कामाची पद्धत काय?

तुम्ही म्हणालात, "सुई घेते, जाते."

मला लाज वाटली, मावशी. एवढ्या लांबून आलेली माणसं, आणि हे उत्तर! मी त्यांना भरपूर इंग्रजी ऐकवलं. पालकांचं समुपदेशन, समाजाचा सहभाग, विश्वासाचं वातावरण. बाई भराभर लिहून घेत होत्या. तुम्ही माझ्याकडे रोखून बघत होता. "मास्तर, मी येवढं कवा बोलले? जे बोलले तेच सांगा."

मग सांगितलं. सुई सांगितली. डोळे चांगले असल्याचं सांगितलं. दामूशेठचं सांगितलं. त्या बाईंनी लिहिणं थांबवलं. त्या म्हणाल्या की त्या स्वीडन नावाच्या देशातल्या आहेत. मुलांना घरातसुद्धा मारायचं नाही असा कायदा जगात पहिल्यांदा त्यांच्याकडे झाला, त्यांच्या लहानपणी. आणि तो सगळ्या घरांत पोचावा म्हणून दुधाच्या खोक्यांवर छापला होता. सकाळी आई-बाप दूध ओतायला घ्यायचे तेव्हा समोर तेच.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. सुई हातात तशीच धरून तुम्ही म्हणालात, "दुधावर? सरकारनं? आरं देवा!" आणि खळखळून हसलात, इतक्या की त्या बाईपण हसायला लागल्या. "म्हंजे त्यांच्याकडं पन मारायचे?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तर काय, राजापासून रंकापर्यंत. तुम्ही कितीतरी वेळ मान हलवत राहिलात. "आन थांबले," म्हणालात. "सगला देस थांबला."

त्यानंतर तुम्हाला नादच लागला. पेपर घेऊन बसलो की पहिला प्रश्न, "आज कुठला देस थांबला?" मी फोनमध्ये शोधून नावं वाचून दाखवायचो आणि तुम्ही ती नावं घोळवत म्हणायचात. अलीकडची ती बातमी आठवते? सातासमुद्रापलीकडे एका शहरात कितीतरी देशांची सरकारं जमली, मंत्री आले, फक्त एवढ्यासाठी, की मुलांवरची मारहाण कशी थांबवायची. कोणी कायदा करायचं वचन दिलं, कोणी शाळांचं. मी दोनदा वाचलं. तुम्ही तिसऱ्यांदा वाचायला लावलंत, पण पटलं नाही म्हणून नव्हे. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

"येवढे मंत्री? पोरांच्या मारापायी?" तुम्ही म्हणालात. "मना वाटायचं मास्तर, मी येकलीच येडी हाय."

मला त्या क्षणी वाटलं, सगळ्या पृथ्वीवर माणसं एकाच गोष्टीच्या मागे लागली आहेत, आणि त्यातली एक माझ्या शेजारी चिंध्यांना टाके घालते आहे. मी तुम्हाला तसं म्हणणार होतो. तेवढ्यात तुम्ही माझ्यावरच उलटलात.

"ह्या मंत्र्यांनी घरी जाऊन आपल्या पोरांना सांगितलं आसंल का, चुकलं म्हनून?"

"ते मला काय माहीत!"

"तुमी सांगितलं का?"

झालं, आपलं सुरू. किती वर्षांचं ते भांडण! मी म्हणायचो, आता ते उकरून काय उपयोग, पोरगा इंजिनिअर झाला, बायको-मुलीत सुखी आहे. मी म्हणायचो, आम्हीपण मार खाल्ला, मार खाऊनच मास्तर झालो. त्यावर तुम्ही एकदा थंडपणे विचारलं होतं, "आन मास्तर होऊन काय केलंत?" मी आठ दिवस तुमच्या ओट्यावर आलो नव्हतो. नवव्या दिवशी तुम्हीच लाइटचं बिल घेऊन आलात.

शेवटी-शेवटी तुम्ही पडून असायचात तेव्हा मी रोज पेपर घेऊन यायचो. तुम्हाला दम लागायचा, पण ते एक वाक्य सुटलं नाही. "सांगितलं का?" मी म्हणायचो, "या रविवारी." रविवारी फोन यायचा. आम्ही पाण्यावर बोलायचो, ट्रॅफिकवर बोलायचो, ईराच्या शाळेच्या फीवर बोलायचो. सोमवारी मी तुमच्यापुढे मान खाली घालून पेपर उघडायचो. तुम्ही रागावला नाहीत. शेवटचं तुम्ही काय म्हणालात ते सांगू? म्हणालात, "मास्तर, तुमी शिकलेले. तुमाला जड जातं." माझी कीव करत गेलात तुम्ही. ते मला लागलं आहे.

तेराव्याला आपली गल्ली भरली होती. तुमची मुलगी गोंधळून गेली, एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे केला होता! रिक्षावाले आले, लूमवाले आले, दोन नर्सा ड्युटीवरून तशाच आल्या, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा एक आडदांड गडी दाराला टेकून लहान पोरासारखा रडला. दामूशेठची सोनल तिच्या मुलाला घेऊन आली होती. तुमच्या ओट्यावर बसून ज्यांनी दोरा ओवला होता, ती सगळी पोरं आता एवढी मोठी झालेली. शबाना आठवते? तिसऱ्या गल्लीतली, केसात नेहमी लाल रिबिन असायची ती. इथल्याच पूर्ण्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे. मला म्हणाली, "सर, हमारे उधर रूम लाइन से हैं. आवाज आती है तो मैं जाती हूं. सुई कौन मांगेगा अभी? मैं बोलती हूं, जरा बच्चे को भेजो, मोबाइल में कुछ अटक गया है."

"आणि देतात?" मी विचारलं.

"देतात ना सर," ती मराठीवर येत म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे मला मोबाइल येतो. तरी देतात."

मी तिथे खुर्चीवर बसून राहिलो. तुम्ही गेलात असं जे बारा-तेरा दिवस वाटत होतं ते एकदम खोटंच वाटायला लागलं. एका निरक्षर बाईनं कोणाच्या अंगावर न ओरडता केवढं काम करून ठेवलं! आणि मी, तुमच्या दारातला माणूस, अजून एक वाक्य बोलू शकलो नव्हतो.

निखिल आला होता तेराव्याला. जेवणं झाल्यावर मी त्याला म्हटलं, "चल, तलावापर्यंत जाऊन येऊ." वऱ्हाळदेवीच्या तलावाच्या काठी आम्ही बाकावर बसलो. ईरा कठड्यापाशी खडे गोळा करत होती, त्याचं अर्धं लक्ष तिच्याकडे.  पस्तीस वर्षं मुलांना उभं करून उत्तरं विचारली, तेव्हा त्यांना काय होत असेल ते मला त्या बाकावर कळलं.

मी म्हणालो, "निखिल, मी तुला मारायचो. ते चुकलं माझं. त्या दिवशी तर फारच चुकलं."

तो पाण्याकडे बघत होता. वळला नाही. तसाच म्हणाला, "कुठल्या दिवशी?"

मी सांगितलं. अपूर्णांक, लाकडी पट्टी, दारात आलेल्या ठकूमावशी, मी ओवून दिलेली सुई. सगळं. कितीतरी वर्षं पाठ करून ठेवलं होतं.

"हे मला आठवत नाही, बाबा," तो म्हणाला.

मावशी, मी जो एक दिवस छातीवर घेऊन इतकी वर्षं हिंडलो तो त्याच्या हिशेबात नव्हताच. कारण तसे दिवस इतके होते.

मग तो म्हणाला, "मला कंपासपेटी हरवली तो दिवस आठवतो. जिन्यावर. माझे मित्र खाली उभे होते." मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. कंपासपेटी नाही, जिना नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, असं झालं नसेल. ते मी गिळलं. तो शांतपणे सांगत होता, आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कोणाचं. जिन्यावरचं संपलं तेव्हा पावसात शर्ट भिजवल्याचं सांगितलं. मग आजीच्या घरचं. मग एक असं, की ज्यात मी मारलंच नव्हतं, नुसता हात उगारला होता, आणि भीतीनं त्याची चड्डी ओली झाली होती. मी ऐकत होतो. एकही सबब सांगितली नाही. ज्याच्याजवळ हे सगळं आहे, तो पोरगा मला दर रविवारी फोन करून विचारतो, बाबा, गोळ्या घेतल्या का? या गोष्टीचं मला फार नवल वाटलं.

ईरा खडे घेऊन आली. तिला भूक लागली होती. निखिल उठला, तिला कडेवर उचललं, नेहमीसारखं. मला राग आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. दोन पावलं जाऊन तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

"अजून बरंच आहे, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी फोन नाही करत. येतो."

मी म्हटलं, "ये."